विषुववृत्तावरचं दळण

कारखाना सुरू झाला की सणसरच्या हवेला वास येतो. उकळत्या रसाचा, ओल्या भुशाचा, मळीचा आणि त्यात मिसळलेल्या ट्रॅक्टरच्या धुराचा. सवय नसलेली माणसं नाकाला रुमाल लावतात. मी यंदा बऱ्याच वर्षांनी ऐन गळिताच्या तोंडावर आले. गाडीवरून कालव्याचा पूल ओलांडताना तो वास असा अंगावर आला की मी गाडी बाजूला घेतली आणि नुसती उभी राहिले. रडूबिडू काही आलं नाही. भूक लागली.

गाडी म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आबांची, जुनी मोटारसायकल. आबा आता आमच्याबरोबर केनियात असतात, पण गाडी त्यांच्या पुतण्याने चालू ठेवली आहे. सकाळी मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून तिच्यावर टांग टाकली, तर डेअरीपुढची मंडळी दूध घालायचं विसरली.

"वैनी, तुमी चालवनार?"

"का? गाडीला काय झालंय?"

"गाडीला न्हाय वो काय झालं..." असं म्हणून तो गृहस्थ दुधाच्या किटलीचं झाकण लावायला लागला. बाकीचं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. मी किक मारली. गाडी पहिल्या किकेत सुरू झाली म्हणून बरं, नाहीतर माझी अख्ख्या गावात शोभा झाली असती.

कामं तरी किती साठलेली. कन्हेरीला आईकडे जायचं, तिच्या मळ्यातली वांगी घ्यायची आणि तिला गुडघ्याचं औषध द्यायचं. बारामतीत बँकेत सही करायची. मुक्ताला, म्हणजे माझ्या लेकीला, मंडईजवळच्याच दुकानातल्या टिकल्या हव्यात, दुसऱ्या चालत नाहीत. आणि शेवटी उलट दिशेला, इंदापूरकडे वरकुट्याला, आबांच्या धाकट्या बहिणीकडे. रस्ताभर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांची कानठळ्या बसवणारी गाणी, डांबरावर सांडलेल्या कांड्या. अशा रस्त्यावर मला अगदी घरच्यासारखं वाटतं. हे मी इथे नाही शिकले, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

मी हे शिकले विषुववृत्तावर.

माझा नवरा, विलास, केनियाच्या पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आपल्या भागातली साखरेतली जाणती माणसं अशी कुठे कुठे जाऊन पोचलीत. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तो तिकडे आणि मी सणसरला. फोनवर संसार केला म्हणा ना. रेंज गेली की भांडण अर्धवट राहायचं, आणि अर्धवट राहिलेलं भांडण फार वाईट, ते नासतं. मुक्ता बापाला आवाजाने ओळखायची, चेहऱ्याने नाही. शेवटी मी बॅगा भरल्या. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की आता हे घर परत दोन तुकड्यांत राहणार नाही. काय वाटेल ते होवो.

गाव लहान. लाल मातीचं, हिरव्या टेकड्यांचं, केळी आणि अवाकाडोच्या झाडांचं. माती इतकी लाल, की पहिल्या महिन्यात धुतलेले सगळे पांढरे कपडे गुलाबी झाले. पण वारा कारखान्याकडून आला की वास सणसरचाच. फरक एकच. तिथे हंगाम नाही. पाऊस बारमाही, ऊस बारमाही, कारखानाही जवळजवळ बारमाही चालतो. सासूबाई गेल्यानंतर विलासने आबांना तिकडे आणलं, तेव्हा आबांना सगळ्यात जास्त याच गोष्टीचं नवल वाटलं होतं.

"हंगामच न्हाय? मग मानसानं उसंत कवा घ्यायची?"

तिथे हंगाम म्हणावा तर फक्त मोठ्या पावसाचा, मार्च ते मे. आबा आले ते नेमके त्या पावसात. आज कारखान्याच्या वासाने मला आठवतो तो एवढाच काळ. त्याच्या आधीचे आणि नंतरचे पावसाळे एकमेकांत मिसळून गेले आहेत.

आबांनी जेवण सोडलं. रुसले वगैरे नव्हते. ताटावर बसायचे, चपातीचा एक तुकडा मोडायचे, तो आमटीत बराच वेळ भिजत ठेवायचे आणि म्हणायचे, "पोट भरलं." काय भरलं, कुणास ठाऊक. भात तर त्यांच्या लेखी जेवणच नव्हतं. तिथली मक्याच्या पिठाची उगाली मुक्ता आवडीने खाते, ती त्यांनी एकदा बोटाने दाबून पाहिली आणि ताट सरकवलं. दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसायचे. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं. असं काही ऐकलं की मला डॉक्टरांचा राग येतो.

एका संध्याकाळी विलास कामावरून आला आणि बूट न काढताच म्हणाला, "मंगल, आबा वाळत चाललेत. मला नाही बघवत. हा पाऊस संपेपर्यंत बघू. नाहीतर तू मुक्ताला घेऊन त्यांच्याबरोबर सणसरला जा. तिथं त्यांना करून घालणारं दुसरं कोण आहे?"

"मी जाणार नाही," मी म्हटलं. "आणि आबाही जाणार नाहीत."

"मग त्यांना खायला घालून दाखव."

"दाखवते."

आवाज चढवून बोलला असता तर मी चार शब्द सुनावले असते. तो थकून बोलला होता, म्हणून फार लागलं. त्याच्या बापाची त्याला काळजी होती आणि मला आमच्या घराची. दोन्ही काळज्या खऱ्याच होत्या.

माझं निदान सोपं होतं. माणूस सणसरचा, जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेला. त्याला भाकरी मिळाली की तो जेवेल. ज्वारी शोधायची, दळून आणायची, भाकरी थापायची. एवढं तर मला येतंच.

पण ज्वारी शोधायची म्हणजे आसपासचे सगळे आठवडी बाजार पालथे घालायचे, आणि ते बाजार लांब. तिथे सगळी ये-जा बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर. आमचा ठरलेला बोडावाला ओटिएनो. माझ्याच वयाचा, तीन पोरांचा बाप, पिवळा रेनकोट घालणारा आणि सतत गुणगुणणारा. त्याच्यामागे मी पाय एका बाजूला टाकून बसायचे, तिथल्या बायकाही तशाच बसतात. पण पावसात त्या लाल चिखलातून एका बाजूला बसून जाणं म्हणजे जीव मुठीत धरण्याचा प्रकार. शिवाय मला हवं तेव्हा ओटिएनो मोकळा असेलच असं नाही. तेव्हा एक दिवस मी म्हटलं, मला शिकव. तो इतका हसला की त्याला गाडी स्टँडवर लावावी लागली.

आम्ही एक जुनी गाडी घेतली. तिथल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक गाड्या आपल्याच देशातून गेलेल्या. सुटा भाग मागायला गेले की दुकानदार हिंदी नावं सांगतो. मी कॉलेजला असताना कन्हेरीहून बारामतीला मोपेड चालवलेली, पण हातात क्लच कधी धरला नव्हता. पहिल्याच आठवड्यात बाजारासमोर, भर गर्दीत, टोमॅटोंसकट आडवी झाले. आजूबाजूच्या बायका धावून आल्या. "पोले, मामा, पोले," म्हणत त्यांनी मला उभं केलं, टोमॅटो वेचून दिले, आणि मग पोटभर हसल्या. पोले म्हणजे 'फार वाईट झालं', आणि तेच दोनदा म्हटलं की 'सावकाश'. तिथे पोक्त बाईला मामा म्हणतात. माझ्या चार मामांना हे कळवायचं मात्र मी टाळलं.

पण शिकले. गॅसची टाकी मागे आडवी बांधून आणायला शिकले. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी बांधलं की ओझं हलत नाही, हे ओटिएनोने दाखवलं. पाऊस समोरून भिंतीसारखा येताना दिसला की कुठल्याही टपरीच्या पत्र्याखाली घुसायचं, तिथल्या माणसांना नमस्कार करायचा आणि तो जाईपर्यंत थांबायचं. त्या आडोशांना मी जितकी माणसं ओळखायला लागले, तितकी कारखान्याच्या कॉलनीत कधी ओळखली नाहीत. कॉलनीत फाटकं बंद असतात. प्रत्येकाचा टीव्ही आपापल्या भाषेत चालू असतो.

आणि एका बाजारात मला ज्वारी दिसली. तांबूस, ठसठशीत, पोत्यावर ढीग घातलेली. मी लहान मुलीसारखी ओरडलेच असेन, कारण ती विकणारी बाई दचकली. भराभर पिशवी भरून घेतली आणि थेट गिरणीवर गेले. गिरणीवाला सगळ्यांचा मका दळत होता. त्याने पिशवीत हात घातला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा, बिअर करणार आहेस?"

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. मी ताठ मानेने म्हटलं, "नाही. भाकरी." त्याला काही कळलं नाही, पण दळून दिलं.

भाकरी थापताना पिठाचा रंग बघूनच मनात पाल चुकचुकली होती. तव्यावर ती काळपट झाली. तरी पापुद्रा आला, म्हणून आशा होती. आबांनी भाकरी हातात घेतली, तुकडा तोंडात टाकला, आणि किती दिवसांनी त्यांचा चेहरा हलला.

"कडू हाय गं."

मी चाखली. कडूजहर. मागाहून ओटिएनोने सांगितलं की ही जात मुद्दाम लावतात. कडू असते म्हणून पाखरं खात नाहीत. आंबवून तिची पेज करतात, नाहीतर बिअर. मी ते आबांना सांगितलं.

आबांनी चष्मा काढला. "पाखरं खात न्हाईत, ती मला घालतीस व्हय?"

महिन्याभरात त्यांच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. मुक्ता हसली, विलास हसला, मीसुद्धा हसले, आणि मग आत जाऊन भांडी घासताना रडले. पाऊस संपत आला होता. टेकडीवरच्या शाळेची घंटा ऐकली की मला वाटायचं, मुक्ता अजून किती दिवस या शाळेत जाणार आहे?

पांढरी ज्वारी टेकड्यांखाली, मोठ्या सरोवराकडच्या कोरड्या पट्ट्यात पिकते, असं ओटिएनो म्हणाला. त्याची आई तिकडेच राहते, तिच्याकडे असेल. येत्या रविवारी तो जाणारच होता, तर मी मागोमाग माझी गाडी आणावी असं ठरलं. रविवारी सकाळी मी पोतं गुंडाळून कॅरिअरला लावत होते, तर आबा टोपी घालून व्हरांड्याच्या पायरीवर उभे.

"मी बी येतू."

"आबा, रस्ता वाईट आहे."

"सणसरचा कुटं चांगला हुता?"

विलास कामावर होता, नाहीतर त्याने अडवलं असतं. मला अडवता आलं नाही. पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती आम्हा दोघांनाही एकदम उमगली. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खाटेवर बसत नाही. मी गाडी चालवणार आणि माझे सासरे माझ्या पाठीमागे बसणार, हे दृश्य इंदापूर तालुक्यात कुणी पाहिलं नसेल. आबा घसा खाकरून इकडेतिकडे बघायला लागले. मग त्यांनी कॅरिअरचं पोतं सोडवलं, त्याची जाड घडी घातली, सीटवर आम्हा दोघांच्या मध्ये उभी ठेवली, आणि मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

"आता चल. पर बेतानं."

असे आम्ही निघालो. पुढे ओटिएनोचा पिवळा रेनकोट, मागे मी, मग पोतं, मग आबा. टेकड्या उतरल्यावर माती काळपट झाली, झाडं खुरटी झाली. आबा मागून बोलायला लागले. हे रान आपल्या वरच्या अंगासारखं हाय. ही गाय दुधाला कमी आसनार. हितं बांध न्हाईत, मग भांडत्यात कशावरनं? मी फक्त "व्हय, व्हय" करत होते, कारण खड्डे चुकवत होते.

ओटिएनोची आई आबांच्याच वयाची. अंगणात तीन कोंबड्या आणि एक भली मोठी चूल. तिने आम्हाला पाहिलं, ओटिएनोला काहीतरी दरडावून सांगितलं, आणि तो घरातली एकुलती एक खुर्ची बाहेर घेऊन आला. आबांना त्यावर बसवलं. ज्वारीचं कुणी नावही काढू देईना. आधी आलं सुक्या भोपळ्याच्या वाडग्यातून पेय. तांबूस, आंबूस, वाफाळणारी पेज. त्याच कडू ज्वारीची, आंबवून गोडावलेली.

मी धास्तावले. आबा आता 'पोट भरलं' म्हणणार.

आबांनी वाडगा दोन्ही हातांनी धरला. त्या बाईकडे पाहिलं. ती समोर उभी, कमरेवर हात, आता पितोस की नाही अशी. आबांनी एक घोट घेतला. मग दुसरा. मग वाडगा खाली ठेवलाच नाही, तळाशी राहिलेलंसुद्धा बोटाने पुसून खाल्लं. तिने पुन्हा भरून दिलं. तेही प्यायले.

मी बघत राहिले. माझ्या हातच्या चपात्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू.

परतीच्या वाटेवर पोतं भरलेलं होतं, पांढऱ्याशुभ्र ज्वारीने. ते ओटिएनोच्या गाडीवर चढवलं. आमच्यामध्ये आता काहीच नव्हतं आणि त्याची आठवण दोघांनाही राहिली नव्हती. मग वाऱ्यातून त्यांचा आवाज आला.

"म्हातारीनं दारातनं उपाशी जाऊ दिलं न्हाय."

"हो ना."

"ह्या इलासच्या दारात कोन येतंय गं?"

मी गाडी हळू केली. उत्तर 'कुणी नाही' असं होतं. सणसरला आबांच्या ओसरीवर सकाळपासून माणूस असायचं. पाण्याची पाळी विचारायला आलेला, ट्रॅक्टर मागायला आलेला, नुसता आलेला. "च्या घेतल्याबिगर उठायचं न्हाय," हे वाक्य मी दिवसातून कितीदा ऐकायचे. चहा करून करून माझा हात दुखायचा आणि मी मनात चडफडायचे. जेवणवेळेला कुणी दारात असला की त्याला बसवल्याशिवाय आबांनी कधी घास घेतला नाही. आणि आम्ही त्यांना आणून बसवलं होतं एका बंद फाटकासमोर, लेकाच्या घरी, पाहुणा म्हणून. पाहुण्याने किती दिवस खायचं? मी महिनाभर भाकरी शोधत हिंडत होते आणि आबा फाटकाकडे बघत बसले होते, माणसाची वाट बघत.

घरी पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. ओटिएनोने पोतं उतरवलं, नेहमीसारखा हात हलवला आणि गाडी वळवली. तो कधी फाटकाच्या आत आलाच नव्हता. आम्ही कधी म्हटलंही नव्हतं. आबा ताडताड गेले आणि गाडीच्या पुढे उभे राहिले.

"जेवल्याबिगर कुटं निघालास? गाडी लाव आत."

ओटिएनोला मराठीचा एक शब्द येत नाही. त्याने गाडी आत लावली.

गिरणी रविवारी बंद. तेव्हा मी मिक्सरला वाटीवाटीने ज्वारी लावली, जाडंभरडं पीठ निघालं, त्याच्या कडा फाटलेल्या भाकऱ्या झाल्या. सोबत सुकुमाची पालेभाजी आणि मिरचीचा ठेचा. आबांनी ओटिएनोला आपल्या शेजारी पाटावर बसवलं, त्याला भाकरी कशी मोडायची ते दाखवलं, आणि त्याने ठेचा खाऊन डोळे पुसायला सुरुवात केली तेव्हा स्वतः उठून त्याच्या ताटात दही वाढलं. मग ते खाली बसले आणि जेवले. एक भाकरी, अर्धी भाकरी, पुन्हा अर्धी. मी तव्यासमोर उभी होते. मोजत नव्हते, पण थापायचं थांबवत नव्हते.

विलास दारात येऊन उभा राहिला. भिजलेला, हातात हेल्मेट. त्याने बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हातपाय धुऊन आला आणि ओटिएनोच्या पलीकडे पंगतीला बसला.

पाऊस संपला आणि आम्ही कुणीच कुठे गेलो नाही. दुसऱ्या दिवसापासून आबांनी फाटक उघडं ठेवायला सुरुवात केली. त्यांना स्वाहिलीतला एकच शब्द आला, करीबू, म्हणजे या. तेवढ्यावर त्यांचं भागलं. गिरणीवाला यायचा, दूधवाली यायची, पावसाच्या आडोशाला कुणीही यायचं. पुन्हा चहा करून करून माझा हात दुखायला लागला आणि या वेळी मी चडफडले नाही. अगदीच नाही असं नाही. कधी कधी चडफडते.

हे सगळं आज वरकुट्याला आत्यांसमोर बसून मला सांगायचं होतं. पण आत्यांनी कारळ्याच्या चटणीचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"माज्या भावाला आण हितं. तुज्या हट्टापायी त्यो तिकडं पडलाय, आसं लोक म्हनत्यात. त्याला काय मनातलं बोलता येतंय व्हय? त्यो तुला न्हाय म्हनायचा न्हाय."

हे मला झोंबलं, कारण हाच प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे. हट्ट माझाच होता. घर एकत्र ठेवायचं मी ठरवलं होतं, आबांनी नाही. माणूस जेवायला लागला म्हणजे तिथला झाला, असं कुठे आहे? वरकुट्याहून निघाले ती ह्याच विचारात. रस्त्याकडेला तोडणी चालली होती, कोयत्यांचा आवाज येत होता, वाढ्यांचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे रचलेले होते. हे सगळं आबांचं आहे. आबांचं रान, आबांचा हंगाम. मी त्यांना विचारलंच नव्हतं कधी, तोंडावर, सरळ.

एका बाभळीखाली गाडी लावली आणि फोन केला. ठरवून टाकलं, की ते 'येतो' म्हणाले तर आजच तिकीट काढायचं. मग माझ्या घराचे दोन काय, चार तुकडे झाले तरी चालेल.

फोन आबांनीच उचलला.

"आबा, आत्यांकडून निघालेय. कारखाना सुरू झालाय. आत्या म्हणतात, आबांना घेऊन या." "तुम्हाला यायचंय का? माझ्याकडं बघू नका. खरं सांगा."

पलीकडे भांड्यांचा आवाज होता. कुणीतरी बाई मोठ्याने हसत होती. तिकडे जेवणवेळ झालेली.

"यायचं न्हाय आसं कोन म्हनतंय, येऊ की सवडीनं. आत्ता न्हाय जमायचं. ओटिएनोची आय आलीया, तिच्याबरूबर तिच्या गावची मान्सं हायती. इलासला धड वाढता बी येत न्हाय. ठिव आता, मंगल. समदी ताटावर बसल्याती."

"तुम्ही जेवलात का, आबा?"

"आगं, माज्याच दारात आल्याली मान्सं," आबा जरा चिडूनच म्हणाले, "त्यांच्या आदी मी कसा जेवीन?"

आणि त्यांनी फोन ठेवला.